मुंबईचं पाणी: तुमच्याकडे कधी येतं?

पूर्वा गोरेगावकर

मुंबईत जागा बघायला गेलं की दलाल हवा, उजेड, स्टेशन किती मिनिटांवर, मंदिर कुठे, सगळं न विचारता सांगतो. पाण्याची वेळ मात्र आपण विचारावी लागते. नाही विचारली तर पुढे झोप, आंघोळ, पाहुणे, सणवार सगळं त्या वेळेच्या तालावर नाचतं.

सध्या तलावांच्या टक्क्यांचा मोसम आहे. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा, या सातांचा तक्ता पेपरात सगळ्यात आधी बघणारी माणसं माझ्या लेडीज डब्यात बरीच आहेत. सगळे काठोकाठ भरले की साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर, आणि शहराला रोज मिळतं सुमारे 3,900 दशलक्ष लिटर. हे आकडे सगळ्यांना सारखे. नळ सारखा नाही, म्हणून हा धागा.

आमच्याकडे संध्याकाळी दीड तास. वॉचमन मोटर लावतो, पाणी खालच्या टाकीतून वर चढतं. आठ वाजता सातव्या मजल्यावरच्या काकांचा ग्रुपवर मेसेज येतो, "पाण्याचे काय?" प्रश्नचिन्ह एकच, पण त्यात अख्ख्या कमिटीचा उद्धार असतो.

भरणारे, सोडणारे, विकत घेणारे, ज्यांच्या गावाहून ते येतं ते, सगळ्यांनी लिहा. पक्षांची भांडणं कृपया दुसरीकडे.

चाळकरी

गिरगाव, पहाटे साडेचार. गजर लावायची गरज नव्हती. रिकाम्या नळातून आधी हवा सुटायची, खरखर, फुसफुस, मग एक उचकी. तेवढ्यावर अख्खा मजला उठायचा. पहिलं पाणी लालसर, ते संडासाच्या बादलीला. मग पिण्याचं, हंड्यावर दुपदरी फडकं बांधून. मग कळशा, घागरी, आणि सगळ्यात शेवटी मोरीतलं पिंप. हा क्रम चुकवला की आजीचा आवाज चढायचा.

खालच्यांनी नळ उघडला की वरच्यांची धार करंगळीएवढी व्हायची. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कठड्यावरून ओरडायच्या, "अहो खालच्या, नळ बंद करा, माझी कळशीसुद्धा भरत नाहीये!" खालच्या काकू शांतपणे, "माझं पिंप होऊ दे गं." रोज. आणि याच दोघींचं संध्याकाळी विरजण देणंघेणं चालायचं.

कुणाकडे लग्न किंवा बारसं असलं की आदल्या पहाटे शेजारीपाजारी आपापलं एकेक भांडं त्यांच्यासाठी भरून ठेवत. आहेरापेक्षा ते मोठं होतं. मयत झालं तर न सांगता भरलं जाई.

आता तिथे टॉवर आहे. आम्ही विसाव्या मजल्यावर, शॉवर कधीही. आई तरी रात्री एक पिंप भरून झाकून ठेवते आणि बायको सकाळी ते झाडांना ओतते. यावरून आमच्याकडे जे चालतं ते इथे लिहीत नाही.

सदाशिव

पुण्यात पाण्याला चव असते. बाकी चालू द्या.

पूर्वा गोरेगावकर

वाटच बघत होते. पुढे.

चावीवाल्याची लेक

माझे वडील चावीवाले होते, आता निवृत्त. इथे "नळाला पाणी आलं" असं सगळे लिहितायत, म्हणून सांगते, ते आपोआप येत नाही. अख्ख्या मुंबईला एकाच वेळी सोडण्याइतकं पाणीही नाही आणि दाबही नाही. म्हणून शहराचे तुकडे पाडलेत. मोठ्या जलाशयातून एकेका तुकड्याला ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडून पाणी देतात. तो उघडणारा माणूस म्हणजे चावीवाला.

चावी म्हणजे खिशातली नव्हे. माझ्या खांद्याला लागेल एवढी लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पहारीने उचलायचं, झुरळं पांगू द्यायची, मग सळई आत सोडून व्हॉल्व्हचं डोकं चाचपायचं. पावसाळ्यात चेंबर गढूळ पाण्याने भरलेलं, त्यामुळे सगळा कारभार हाताच्या अंदाजावर. एकदा तोंड बसलं की दोघांनी दांडा धरून फिरवायचं, आटे मोजत. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे ते बाबांना पाठ होतं. दोन आटे जास्त पडले तर उताराच्या गल्लीत धो धो आणि टेकडीवरच्या वस्तीत थेंब नाही. बंद करतानाही घाई चालत नाही. झटक्यात बंद केला की पाइप आतून दणका देतो, आणि सांधा जुना असला तर फुटतो. कोणत्या पाइपाला किती सोसतं हे बाबा नकाशा न बघता सांगायचे. नकाशात नसलेले पाइपही त्यांना माहीत होते.

गळती शोधायला रात्री जायचे. रहदारी थांबली की सळईचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. वाहत्या पाण्याचा आणि गळत्या पाण्याचा आवाज वेगळा असतो म्हणे. मी कान लावून बघितलं, मला दोन्ही सारखेच.

लोकांचं विचाराल तर दिवाळीत फराळ, एरवी शिव्या. टेकडीवरच्या एक आजी मात्र रोज बाबांची वाट बघत कट्ट्यावर बसायच्या आणि चहा दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. चहाचं पाणी कालचं, हे त्या दरवेळी सांगायच्या. कपात असली की बाबा गणवेश पिशवीत घालून जायचे आणि चेंबरपाशी पोचल्यावर चढवायचे. "धरणात नाही तर मी कुठून आणू" हे वाक्य त्यांनी नोकरीत जितक्यांदा म्हटलं तितक्यांदा देवाचं नावही घेतलं नसेल.

खाडीकाठ

मानखुर्दकडची वस्ती. इथल्या अर्ध्या लोकांना पटणार नाही, पण आमच्याकडे नळच नव्हता. पाइप आमच्या बाजूने जात होता, आमच्यासाठी नव्हता. 2000 नंतरची झोपडी, म्हणून अनधिकृत, म्हणजे कागदावर आम्ही राहतच नाही.

मग पाणी विकत. ड्रमचा भाव उन्हाळ्यात चाळीसपर्यंत जायचा, सणाला आणखी वर. विकणाराही वस्तीतलाच, त्याला शिव्या देऊन चालत नाही, उद्या तोच पाइप दुसऱ्या गल्लीत फिरवेल. पाणी आलं की रबरी पाइप घरांच्या पत्र्यांवरून, गटारातून, कुठूनही जायचे. मोटरचा आवाज आला की आई माझं दप्तर बाजूला ठेवायची आणि हातात कॅन द्यायची. शाळेत पहिला तास माझा जवळजवळ कायम बुडालेला. बाईंनी कारण विचारलं तर "पाणी" एवढंच सांगायचे, आणि वर्गातल्या अर्ध्या मुली मान हलवायच्या. मुलगे नाही.

2014 च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. आम्हाला वाटलं आता महिन्याभरात नळ. कसलं काय! 2022 साली पालिकेने "सर्वांसाठी पाणी" हे धोरण आणलं, त्यानंतर आमच्या गल्लीत जोडणी आली. तीही गटाने, कमीत कमी पाच घरं मिळून एक. बिल कुणाच्या नावावर, मीटर कुणाच्या दारात, यावर दोन बैठका आणि एक अबोला. पण ड्रम बंद झाला. आता माझी मुलगी पहिल्या तासाला असते.

अजून एक. नियमाच्या हिशोबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्याला 45. कुणाचं अंग किती मळतं हे कोणी ठरवलं बुवा?

खजिनदार, नाइलाजाने

135 आमच्याकडेही येत नाही हो! अंधेरीतली सोसायटी, वर्षभर टँकर. मेंटेनन्समधला मोठा वाटा त्याचाच. एप्रिल 2025 मध्ये भूजलाच्या परवान्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा कळलं की नळापेक्षा आपण त्यांच्यावर जगतोय. त्या आठवड्यात सभासद लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नव्हते.

आमच्या आवारात पर्जन्यजलाचा खड्डा आहे. 2002 पासून हजार चौरस मीटरवरच्या नव्या बांधकामांना तो सक्तीचा झाला, त्याशिवाय बिल्डरला कागद मिळत नाहीत. खड्डा खोदला, फोटो निघाला, कागद मिळाला. पुढे त्यावर पेव्हर ब्लॉक बसले आणि आता तिथे दोन गाड्या उभ्या राहतात. एका गाडीचे मालक सर्वसाधारण सभेत पाणीटंचाईवर सगळ्यात जास्त बोलतात.

दादर पूर्व

आमच्याकडे नळाचं बरं आहे, आभाळाचं नाही. हिंदमाताला कपड्याचं दुकान. ज्यांनी बशीचा तळ बघितलाय त्यांना हिंदमाता समजावून सांगायला नको. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की समुद्र गटारातून पाणी घेत नाही, मग ते आमच्याकडे थांबतं. वडिलांच्या वेळेपासून नियम: जूनच्या आधी खालचे दोन खण रिकामे, भारी साड्या वर, खाली फक्त स्टुलं आणि झाडू.

26 जुलै 2005 ला वरचे खणही गेले. सांताक्रूझला त्या दिवसात 944 मिलिमीटर, आणि कुलाब्याला 74 च्या आसपास. कुलाब्यातल्या व्यापाऱ्याला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "इकडे तर रिमझिम आहे." एकाच शहरात! रात्री शेजारच्या इमारतीतल्यांनी अनोळखी लोकांना जिन्यात बसवून खिचडी खायला घातली, हे सगळेच सांगतात, आमच्याकडेही झालं. कमी सांगितलं जातं ते पुढचं: चारही बाजूंनी पाणी आणि प्यायला घोट नाही. टाकीत गटार मिसळलेलं. पुढे बरेच दिवस उकळून पीत होतो, तरी घरटी एक जण तापाने पडलेला.

आता पावसाचं पाणी साठवायला परळ-दादरकडे मैदानांखाली मोठ्या टाक्या केल्यात आणि पंपाने तिकडे नेतात. फरक पडलाय, नाकारणार नाही. पाणी पूर्वी दिवसभर बसायचं, आता लवकर उठतं. खालचे खण मात्र मी अजून रिकामेच ठेवतो.

चर्चगेटचा बाबू

अवांतर: क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिका बेहराम विहीर आहे, 1725 सालची, पारशी समाजाची. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं. पारशी लोक तिथे दिवे लावतात, प्रार्थना करतात. आत जायचं ते फक्त त्यांनीच, पण येताजाता बाहेरून छत्री दिसते.

शहापूर

सगळं वाचलं. गिरगावची मजा वाटली, मानखुर्दच्या ताईंचं वाचून वाईट वाटलं. आता आमचं.

तानसा 1892 चा, मोडक सागर 1957 चा, त्यानंतर भातसा. तिन्ही आमच्या तालुक्यात. एकट्या भातशातून तुमचं निम्म्याच्या आसपास पाणी जातं. लोखंडी नळ माणसापेक्षा उंच, गावाशेजारून जातो, आम्ही लहानपणी त्याला कान लावून बसायचो. आणि एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकर. दरवर्षी पेपरात फोटो येतो, विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई वाटीने हंडा भरतेय. तो फोटो बघून तुम्ही हळहळता आणि पुढच्या पानावर तलावाचे टक्के बघता.

निष्पक्ष मुंबईकर

पण ही धरणं मुंबईकरांच्या करातून झाली ना? आणि खाली एवढं धरण असताना गावाला पाणी नाही, हे स्थानिक पुढाऱ्यांचं अपयश आहे.

शहापूर

पुढाऱ्यांचं म्हणाल तर घ्या, आमचं काही म्हणणं नाही. पण ऐका. पाडे डोंगरावर, धरण खाली. खालचं पाणी वर चढवायला पंप, वीज, टाकी, आणि ते चालवायला वर्षभर माणूस लागतो. गावच्या योजनेचं वीजबिल थकलं की पंप बंद. पाऊस आमच्याकडे धो धो पडतो, पण खाली कातळ, मुरत नाही, ओढ्याने निघून थेट तुमच्या धरणात. तानसा, मोडक सागरचं तर तुमच्याकडे उतारानेच येतं. डोंगरावरच्याला पाणी महाग आणि शंभर किलोमीटरवरच्याला स्वस्त, असा हिशोब आहे.

जमीन आमच्या आजोबांची गेली. कर कुणाचा होता ते त्यांना विचारायला हवं होतं.

चावीवाल्याची लेक

शहापूरच्या दादांना एक सांगते. बाबांची काही वर्षं नेमणूक तिकडे नळावर होती. ते म्हणायचे, नळाच्या गळतीवर कितीतरी गुरं पाणी पितात. एकदा वरून दट्ट्या आला की सगळ्या गळत्या बंद करा. केल्या. दुसऱ्या दिवशी गुराखी येऊन नुसता उभा राहिला, भांडला नाही. बाबा त्यावर पुढे काय म्हणाले ते ते अजून सांगत नाहीत.

ठाणेकर

2023 आठवतंय का? आमच्याकडे कुणीतरी बोअर मारताना थेट मुंबईच्या जलबोगद्यालाच भोक पाडलं. दुरुस्तीसाठी मुंबईला काही आठवडे 15 टक्के कपात. सगळे मुंबईकर तेव्हा पहिल्यांदा ठाण्याची आठवण काढत होते.

पूर्वा गोरेगावकर

ठाणेकर 😀

शहापूर, तुमचं लिहिणं ग्रुपवर टाकलं. सातव्या मजल्यावरच्या काकांनी "वाचले" एवढंच लिहिलं. हे त्यांच्याकडून बरंच आहे.

खजिनदार, तो खड्डा उघडायला खर्च किती येतो? आमच्याकडेही बहुतेक असाच गाडला गेलाय.

खजिनदार, नाइलाजाने

आधी जागा शोधा. मंजूर नकाशात दाखवलेला असतो, त्याची प्रत सोसायटीच्या फायलीत नसेल तर आर्किटेक्टकडे मागा. पेव्हर काढून गाळ उपसायचा, खडी-वाळू बदलायची आणि गच्चीवरून येणारा पाइप तुटलाय का ते बघायचं. आमच्याकडे तोच तुटला होता. कोटेशनं मागवलीत, सभा रविवारी आहे. गाड्या हलवायच्या कुठे यावर अडलंय.

खाडीकाठ

आमच्या शेजारच्या गल्लीला गटाची जोडणी हवी आहे. पाचातल्या एका घराकडे एकही कागद नाही. चार घरांचा अर्ज घेतात का, कुणाला माहीत असेल तर सांगा.

चावीवाल्याची लेक

बाबांना विचारून संध्याकाळी लिहिते.