राधिकाची बोली खरी नागपूरची होती, की वरून दिलेली फोडणी?

सक्करदऱ्याची सून

गेला महिनाभर रात्री ओटा पुसून झाला की मी आणि सासूबाई झी फाइव्हवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ पहिल्या भागापासून पाहून राहिलो. ऑगस्ट २०१६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा मुलगी तान्ही होती, त्यामुळे अर्धीअधिक सुटली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राधिका ही नागपूरची मुलगी, लग्न होऊन मुंबईला गेलेली. नवरा गुरुनाथ शनायाच्या मागे लागलेला, आणि त्याला बायकोच्या राहणीची, बोलण्याची लाज वाटते. पुढे ती मसाल्यांचा धंदा उभा करते, त्याची मोठी कंपनी होते, आणि शेवटी सौमित्रशी लग्न करून नव्याने संसार थाटते.

कथानक ताणलेलं होतं, तीनशे कोटींची कंपनी मलाही पटली नाही. मला बोलायचं आहे ते तिच्या भाषेबद्दल. मालिकेतल्या लहान गावच्या सुनेकडे पैसा आला की साडी बदलते, केस बदलतात आणि सगळ्यात आधी भाषा बदलते. राधिकाची बदलली नाही. कंपनीच्या मालकिणीच्या खुर्चीत बसूनही ती ‘करून राहिली’च म्हणते.

मी पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये ‘मी ते काम करून राहिली’ म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं. त्यानंतर मी ‘करतेय’ शिकले. सहा महिन्यांनी फोनवर आई म्हणाली, तू आता पाहुण्यांसारखी बोलतेस. ते वाक्य अजून सलतं. म्हणून राधिका माझ्यासाठी मोठी आहे. तिची बोली शंभर टक्के अचूक नसेल, पण ती मानाची होती. तुम्हाला काय वाटतं?

तर्री_पोहे

ताई, तुमचा पुण्याचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण मले राधिकाची भाषा तेव्हाही खटकली आणि आताही खटकते.

‘राहिली’ आपण चालू असलेल्या कामासाठी वापरतो. ‘ती पोळ्या करून राहिली’ म्हणजे या घडीला तव्यावर पोळी आहे. ‘मले पोळी आवडते’ याचं ‘आवडून राहिली’ आपल्याकडे कोणी करत नाही. त्याले नियम आहे, आणि घरातलं चार वर्षांचं पोट्टंही तो नियम पाळते. मालिका लिहिणाऱ्यांना वाटते, प्रमाण मराठीतल्या वाक्याच्या शेपटीले ‘राहिली’ लावलं, मधात एक ‘बाप्पा’ टाकला, की झाली नागपुरी. हे भाषा लिहिणं नाही, हे तिखट भुरभुरणं आहे.

दुसरी गोष्ट मले जास्त लागते. त्या मालिकेत नागपुरी कोण बोलते? जी साधी आहे, भोळी आहे, वर्षानुवर्षं फसवली जाते ती. म्हणजे आपली बोली हे भोळेपणाचं चिन्ह झालं. अहो, कोर्टात उलटतपासणी घेणारे वकील इथे याच बोलीत अशिलाशी बोलतात. ऑपरेशन करून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांना याच बोलीत सांगते, ‘काही काळजी करू नका, बरा होऊन राहिला तो.’ लबाड माणूसही याच बोलीत लबाडी करते. ते कुठे आहे पडद्यावर?

जुने धरमपेठ

दोघांचंही ऐकलं. माझा मुद्दा वेगळा आहे. ‘नागपुरी’ म्हणून जी एकच बोली गृहीत धरली जाते ती आहे तरी का?

आमच्या घरात ‘मले-तुले’ कधीच नव्हतं, ‘मला-तुला’च होतं. पण ‘का’ला ‘काऊन’ होतं, ‘येऊन राहिला’ होतं, आणि कोथिंबिरीला आजही ‘सांबार’च म्हणतो. दोन गल्ल्या सोडून राहणारा माझा मित्र ‘मले’ म्हणायचा. जात, मोहल्ला, आजोळ कुठलं, यावर सगळं ठरतं. शिवाय हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. कचेऱ्यांत हिंदी, बाजारात हिंदी. त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. तेव्हा आमच्या तोंडी हिंदी मिसळली आहे ती काही केबल आल्यावर मिसळलेली नाही. राधिका नागपूरची असून तिच्या बोलण्यात हिंदी इतकी कमी, हे मला ‘राहिली’पेक्षा जास्त खोटं वाटलं.

झाडीपट्टीचा प्रेक्षक

जुने धरमपेठ यांनी शहराचं सांगितलं, मी शहराबाहेरचं सांगतो. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हा वऱ्हाडीचा मुलूख. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इकडे झाडीबोली. नागपूर मधात बसलं आहे, दोन्हीकडची माणसं इथे येतात. टीव्हीवाल्यांनी या सगळ्याला एकच नाव दिलं आणि एकच माणूस उभा केला. मी मूळचा पवनीकडचा. राधिकाचं बोलणं ऐकून माझ्या आईने विचारलं होतं, ही कुठली बाई?

इतवारीची लेक

मी सुनबाईंच्या बाजूने आहे, आणि मला वाटतं आपण नको तिथे चाळणी लावून राहिलो.

त्याच वर्षांतल्या बाकीच्या मालिका आठवा. ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळ आकेरीत जाऊन केली, मालवणी घराघरांत पोचली. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळ वसगड्यात, राणादाची कोल्हापुरी अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडची. त्यांच्या वाट्याला अख्खं गाव आलं, आपल्या वाट्याला राधिका आणि तिची चार माणसं आली. तरी तिने ती भाषा साडेचार वर्षं टिकवली. राधिका झालेल्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. दुसऱ्या मुलखातली बाई आपली बोली शिकते, आणि आपण म्हणतो दहातले दोन शब्द चुकले?

त्याआधी टीव्हीवर वऱ्हाडी म्हणजे फक्त विनोद. भारत गणेशपुरे आपल्याच अमरावतीकडचे, ‘चला हवा येऊ द्या’मध्ये २०१४ पासून त्यांनी ही बोली अभिमानाने बोलली आणि मी त्यांची चाहती आहे. पण तिथे लोक हसायलाच बसलेले असत. या बोलीत रडणारी, भांडणारी, नवऱ्याला घराबाहेर काढणारी बाई मी पहिल्यांदा राधिकात पाहिली.

तर्री_पोहे

इतवारीताई, तुम्ही जी तीन नावं घेतली तीच माझी बाजू मांडतात. त्या मालिका त्या त्या मुलखात गेल्या. सेटवर चहा देणारा, शेजारून जाणारी म्हातारी, झाडाखाली बसलेले लोक, सगळे ती बोली बोलणारे. नटाचा एक शब्द चुकला तर सांगायला दहा माणसं उभी. राधिकाची चूक दाखवायला तिथे कोण होतं?

मी अलीकडे ‘पंचायत’ ही हिंदी मालिका पुन्हा पाहिली. फुलेरा गाव कथेत उत्तर प्रदेशातल्या बलियाचं आणि चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोरकडच्या महोडियात. म्हणजे जागा बदलली तरी चालते. पण तिथे प्रधान, उपप्रधान, सहायक, वाकड्या तोंडाचा विरोधक, सगळे त्याच मातीत बोलतात. त्यामुळे बोली कोणाच्या भोळेपणाची खूण होत नाही, ती गावाची हवा होते. मले हेच पाहिजे.

नाटकवाला, रामनगर

मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काम करतो आणि मुंबईत काही मालिकांत छोटी कामं केली आहेत. थोडं आतलं सांगतो, कारण सगळा दोष लेखकावर टाकणं मला बरोबर वाटत नाही.

दैनंदिन मालिकेचे आठवड्याला सहा भाग जातात. हाताशी आधीच चित्रित केलेल्या भागांची ‘बँक’ असली तर ठीक, नसली तर सकाळी चित्रित झालेला प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक पाहतात. संवाद पुष्कळदा सकाळी सेटवर येतात, ते प्रमाण मराठीत लिहिलेले असतात. मेकअप चालू असताना नट ते आपल्या बोलीत वळवतो. बारा तासांच्या शिफ्टमध्ये हे रोज करायचं. अशा वेळी तोंडाला जे सोपं वळण बसलं तेच परत परत येतं. तर्री_पोहे ज्याला भुरभुरणं म्हणतात ते असं होतं. माझ्या स्वतःच्या एका प्रसंगात मी ‘काऊन’ म्हटलं, तर मला ‘का’ म्हणायला सांगितलं, प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

बोलीचा जाणकार सेटवर रोज हजर ठेवणं हा पगाराचा प्रश्न आहे, आणि तो खर्च पटकथेच्या आधी मंजूर व्हावा लागतो. नट, तंत्रज्ञ, लाइटवाले, सगळे गोरेगाव आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओंभोवती राहतात. नागपूर तिथून आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. वसगड्याला रात्रीच्या गाडीने पोचता येतं, इथे युनिट आणायचं म्हणजे सगळ्यांना महिनोन्महिने ठेवून घ्यावं लागेल.

इतवारीची लेक

दादा, हे कारण मी नेहमी ऐकते आणि मला ते पुरतं पटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कितीतरी मालिका थोड्याच दिवसांत गोव्याला गेल्या. तिथली परवानगी गेल्यावर पुन्हा दुसरीकडे हलल्या. कथेत कसाबसा प्रवास घुसवला, हॉटेलात घर उभं केलं. गरज पडली की अंतर आडवं येत नाही. नागपूरची गरजच कोणाला वाटली नाही, हे खरं दुखणं आहे.

नाटकवाला, रामनगर

ते महिना-दीड महिन्याचं होतं ताई, आणि निर्मात्यांचं कंबरडं मोडलं त्यात. पण ‘गरज वाटली नाही’ हे तुमचं मी खोडत नाही.

वर्धा रोडची शिक्षिका

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. तर्री_पोहे, तुमचं व्याकरण अगदी बरोबर आहे, ‘राहिली’चा नियम मी उद्याच वर्गात सांगणार आहे. पण तुमच्या मागणीची मला भीती वाटते. आधीच मुलं माझ्यासमोर उभी राहिली की ‘मले’ गिळतात आणि ‘मला’ म्हणतात. त्यांना घरून सांगितलेलं असतं, बाईंसमोर नीट बोल. त्यात आपणही म्हणू लागलो की वऱ्हाडी बोलायची तर अस्सलच, तर ती दोन्ही बाजूंनी गप्प होतील.

लीळाचरित्र रिद्धपूरला लिहिलं गेलं, अमरावती जिल्ह्यात. मराठीतला आद्य गद्यग्रंथ या मातीत झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा शाळेत मी हेच सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मंग आमची भाषा अशुद्ध कशी?’ वर्ग हसला नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. तो मुलगा आजीबरोबर राधिका पाहत मोठा झालेला आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती फोडणी असेल, पण वाया गेलेली नाही.

तर्री_पोहे

मॅडम, पोरांना गप्प करायचं माझ्या मनात नाही. पोट्ट्यांनी कसंही बोलावं. मी हिशेब मागतो तो ज्यांना लिहायचे पैसे मिळतात त्यांच्याकडे. आणि भोळेपणाचा मुद्दा मी सोडत नाही.

सक्करदऱ्याची सून

तो सोडूही नका. दोन दिवस मी त्यावरच विचार केला. पहिली दोन वर्षं राधिका सोसते तेव्हा तिची बोली आणि तिचं सोसणं एकाच रंगात रंगवलं आहे, हे तुम्ही सांगितल्यावर मला दिसलं आणि आता दिसायचं थांबत नाही. पण गुरुनाथला ती जाब विचारते तेव्हाही ती त्याच बोलीत विचारते, ते तुम्ही पाहा. मी तिथे तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही.

सासूबाई अकोटच्या. त्यांना विचारलं, ही तुमच्यासारखी बोलते का? म्हणाल्या, ‘नाई वो. मायी भाषा कुठी हाय तिच्याजवळ. पण तिले पाहाले मले आवडते.’ मग म्हणाल्या, आमच्या भाषेतलं खरं पाहायचं असेल तर कुठे मिळेल? मला उत्तर देता आलं नाही.

झाडीपट्टीचा प्रेक्षक

मी देतो. वऱ्हाडी नाही मिळणार, पण त्यांना झाडीपट्टीचं नाटक दाखवा. वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर प्रयोग. तिथले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. खलनायक, पाटील, मास्तर, नायिका, सगळी आमचीच माणसं असतात, तर्री_पोहे यांनाही ते आवडेल.

तर्री_पोहे

मी येतो. ताई, काकूंना आमच्या गाडीत जागा आहे.

झाडीपट्टीचा प्रेक्षक

मग मंडपात लवकर पोचा, पुढची जागा बायकांनी आधीच धरलेली असते. काकूंसाठी जाड शाल घ्या, आमच्याकडे धानाच्या बांध्यांत पहाटे थंडी फार पडते आणि शेवटचा अंक तेव्हाच रंगतो.