रहिवाशासाठी वेश्येला फोन करून देणे गुन्हा ठरते का?

प्रश्न
मी इंग्लंडमधील एका केअर होममध्ये काम करतो. गेल्या रविवारी एका रहिवाशाच्या गालावरचा दाढीचा फेस पुसत असताना त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहत म्हटले, "मला एकदा तरी बाईचा सहवास हवा आहे. पैसे आहेत, फक्त फोन तू कर." त्यांना बौद्धिक अक्षमता आहे; मात्र होकार आणि नकार यांतला फरक त्यांना नीट कळतो. मी टॉवेलची घडी घालत राहिलो, काहीच बोललो नाही, आणि ते मला अजून खात आहे. असा फोन करणे खरोखर गुन्हा आहे का?

उत्तर १
होय, त्यामुळे फोन करू नका. अगदी असाच प्रश्न 'सी' या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या २७ वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत न्यायालयापुढे आला होता. त्याला संमती कळत होती, पण भेट ठरवणे आणि पैशांचा व्यवहार करणे स्वतःला जमत नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये न्यायमूर्ती हेडन यांनी काळजीवाहकांची मदत गुन्हा ठरत नाही असे म्हटले, कारण त्यांच्या मते २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्यातील कलम ३९ शोषण रोखण्यासाठी आहे, माणसाची इच्छा मोडण्यासाठी नाही. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. हे कलम मानसिक विकार असलेल्या व्यक्तीकडून काळजीवाहकाने लैंगिक कृती 'घडवून आणणे' गुन्हा मानते, आणि भेट ठरवून देणाराही त्यात येतो. शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

उत्तर २
कायदा हाच आहे, पण मला तो पटत नाही. माझा भाऊ व्हीलचेअरवर आहे. त्याला केवळ शारीरिक अपंगत्व असल्याने हे कलम लागू होत नाही. म्हणजे त्याला मदतनीस मिळू शकतो, आणि तितक्याच समजुतीने संमती देणाऱ्या तुमच्या रहिवाशाला मिळत नाही. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये फेडरल न्यायालयाने मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) असलेल्या महिलेच्या लैंगिक थेरपीचा खर्च अपंगत्व विमा योजनेतून देण्यास मान्यता दिली होती. २०२४ च्या बदलांनी तो मार्गही बंद केला.

उत्तर ३
ताई, तुमच्या भावाविषयी पूर्ण आदर राखून सांगते, की त्या खोलीत येणाऱ्या बाईचा विचार या चर्चेत कुणीच केलेला नाही. ती कोणाच्या दडपणाखाली तर आली नाही ना, हे फोन करणाऱ्याला कसे कळणार? इंग्लंडमध्ये जबरदस्तीने आणलेल्या बाईला पैसे देणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि 'मला ठाऊक नव्हते' हा त्यात बचाव चालत नाही. एखाद्याचा एकटेपणा कितीही खरा असला, तरी दुसऱ्याच्या शरीरावर त्यातून हक्क तयार होत नाही.

दादा, तुमच्या रहिवाशांना उत्तर मात्र मिळायलाच हवे. त्यांना फोन हवा आहे की सोबत, हे त्यांनाच विचारा. खोलीचे दार बंद ठेवून खासगीपणा मिळतो का, बाहेर ओळखी करण्याची संधी मिळते का, हे मॅनेजरकडून केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. उद्या सकाळी माझी शिफ्ट आहे. मॅनेजरकडे जाण्याआधी मी त्यांच्याशीच बोलेन, आणि फोन का करता येणार नाही हे स्पष्ट सांगेन.