गवा खातो तो पाला आपल्याला का पचत नाही?

कऱ्हाडची आत्या:

नमस्कार. प्रश्न माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याचा आहे. त्याला उत्तर द्यायचं मी रानात कबूल केलंय, म्हणून इथे विचारते.

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझा दादा आणि त्याचा मुलगा आंबोलीजवळ चौकुळला गेलो होतो. सकाळी तासाभराचा फेरफटका म्हणून निघालो, एका ढोरवाटेला लागलो आणि चुकलो. उतरताना दादाचा पाय असा मुरगळला की तो टेकवेना. मोबाइलला रेंज नाही. जवळ दोन बाटल्या पाणी, चिवड्याची एक पुडी आणि चार लाडू. तेवढ्यावर दोन रात्री काढल्या.

दादा सारखा म्हणत होता, "तुम्ही दोघं पुढे व्हा, माणसं घेऊन या." पोरगा म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला सोडून जाणार नाही, आणि आत्याला एकटीला पाठवणार नाही." एवढं बोलला आणि बापाच्या अंगाखाली घालायला सुकी पानं गोळा करायला लागला. पहिल्या रात्री गवे आले. आधी फुरफुर, मग बांबू मोडल्याचा आवाज, मग कितीतरी वेळ नुसतं चघळणं. वीसेक हातांवर असतील. आम्ही झाडाच्या बुंध्याला चिकटून बसलो होतो. पोराचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला, पण त्याने तोंडातून हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पोटात नुसती आग पडली होती. तेव्हा त्याने बांबूचं एक पान चावून चावून गिळलं आणि विचारलं, "आत्या, एवढा मोठा गवा ह्याच्यावर जगतो. मग आपण का नाही?"

तिसऱ्या दिवशी सकाळी लाकडं न्यायला आलेल्या दोघांनी आमच्या हाका ऐकल्या. त्यांच्या घरच्या आजींनी आम्हाला उकड्या तांदळाची पेज आणि मीठ दिलं. दादाने भाकरी मागितली, तर म्हणाल्या, "आधी पेज घेवा, जेवान फाल्या." म्हणजे जेवण उद्या.

आणखी एक. आम्ही दोघांनी बाटलीतलंच पाणी पुरवून पुरवून प्यायलं, दादा मात्र ओढ्याचं प्यायला. त्याला तीन आठवडे झाले तरी पातळ होतंय, पोट फुगतं, करपट ढेकर येतात. त्याने मेडिकलमधून आपल्या मनानेच अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतलं. त्याने तर जास्तच बिघडलं. असं का व्हावं?


गोठ्यातला डॉक्टर:

ताई, आधी तुमच्या भाच्याला माझा नमस्कार सांगा. मी जनावरांचा डॉक्टर, बावीस वर्षं गावोगाव फिरतोय. त्याचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे.

खरं सांगायचं तर गव्यालाही पाला पचत नाही. पाल्यातला सेल्युलोज, म्हणजे त्याचा चिवट तंतू, तोडणारा रस ना गव्याच्या अंगात तयार होतो, ना गाईच्या, ना आपल्या. तो तयार करतात जीवाणू. गाईच्या, तशाच गव्याच्याही, पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला, रुमेन, मोठ्या गाईत शंभर लिटरच्याही वर भरतो. कॉलेजात असताना आमच्याकडे एक गाय होती, तिच्या कुशीला शस्त्रक्रियेने कायमचं भोक ठेवून वर रबरी झाकण बसवलेलं. सरांनी झाकण काढलं आणि म्हणाले, घाला हात. मी खांद्यापर्यंत हात घातला. आत चांगलं ऊन, आपल्या अंगापेक्षा थोडं जास्तच, ३९ अंशांच्या आसपास. वर गवताचा गच्च थर, खाली पातळ रबडी, आणि वास आंबवणाचा. आणि सगळं हलत होतं! ते पोट मिनिटाला एकदोनदा घुसळतं. त्या रबडीच्या एका चमच्यात अब्जावधी जीवाणू असतात.

ते गवत आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं सुटतात, ती रुमेनच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेतला सत्तरेक टक्के वाटा त्यांचाच असतो. पुढे तेच जीवाणू चौथ्या कप्प्यात वाहून जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. म्हणजे गाय गवत घालते जीवाणूंना आणि तिची स्वतःची प्रथिनं बव्हंशी येतात जीवाणूंतून. बावीस वर्षांनंतरही मला ह्याचं नवल वाटतं.

आपल्याकडेही जीवाणू आहेत, पण ते मोठ्या आतड्यात, म्हणजे प्रवासाच्या शेवटाला. तिथे पोचेपर्यंत खाण्यातलं बहुतेक सगळं शोषून झालेलं असतं. भाजी-धान्यातले काही तंतू ते आंबवतात, त्यातून आपल्याला थोडी ऊर्जा मिळते, पण बांबूच्या पानावर माणूस जगेल एवढी जागाही नाही आणि वेळही नाही. गाय दिवसातले सातआठ तास रवंथ करते. तुम्ही रात्री ऐकलंत ते चघळणं हेच काम असणार.

भाच्याला हेही सांगा की वासरालाही जन्मतः गवत पचत नाही. त्याचं रुमेन तेव्हा इवलंसं असतं, दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. आई त्याला चाटते, ते गवत हुंगतं, दुसऱ्या जनावरांच्या लाळेला तोंड लावतं, आणि अशी ही वस्ती हळूहळू आत बसते.

ही वस्ती एका दिवसात बिघडते, तेही मी पाहिलंय. मागे लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात एका गाईने पोटभर खाल्ला. रात्री मला बोलावलं, तेव्हा ती आडवी पडलेली, पोट दाबलं की आत पाणी डचमळतंय, शेणाला आंबट वास. भाताने भलत्याच जीवाणूंचं फावलं, लॅक्टिक आम्ल साचलं आणि गवत आंबवणारे मेले. सोडा दिला, सलाईन लावलं. सकाळी शेजारच्या निरोगी बैलाच्या पोटातलं पाणी नळीने काढून तिला पाजलं. जुनी माणसं चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी जनावराला चारतात, ते ह्याचसाठी. चौथ्या दिवशी तिने रवंथ केलं. मालकीण तिथेच गोठ्यात बसून रडली.

दादांचं औषध मी सांगणार नाही, मी माणसांचा डॉक्टर नाही. पण अँटिबायोटिक चांगले-वाईट निवडून मारत नाही, एवढं नक्की.


सिंहगड रोडवरची डॉक्टरीण:

दादांसाठी लिहिते. ओढ्याचं पाणी, फुगलेलं पोट, तीन आठवडे पातळ, करपट ढेकर हे ऐकून जिआर्डिया डोक्यात येतो. तो जीवाणू नाही, एकपेशीय परजीवी आहे, आणि त्याचं औषध वेगळं असतं. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने तो तसाच राहिला असेल आणि आतड्यातल्या कामाच्या जीवाणूंना मात्र फटका बसला असेल. मलतपासणी करून घ्या, एकदा नाही, दोन-तीन दिवसांचे वेगवेगळे नमुने द्या, कारण एका नमुन्यात तो बऱ्याचदा सापडत नाही. तोवर साखर-मिठाचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेबरोबर मीठ आणि पाणी आतड्यातून ओढलं जातं, म्हणून दोन्ही हवीत. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना असंच पाणी पाजून हजारो जीव वाचवले.

आजींनी पेज दिली ते उत्तम केलं. दोन दिवसांच्या उपासाला फार धोका नसतो, पण आठवडाभर किंवा जास्त उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट, शरीराला लागणारा एक क्षार, झपकन उतरतं आणि हृदयावर बेततं. १९४५ मध्ये जर्मनीतल्या बर्गन-बेल्सनच्या नाझी छळछावणीतून सुटलेले कितीतरी लोक अन्न मिळाल्यावर दगावले.


कडेकपारी:

शोधमोहिमांना जातो, म्हणून एकच. तुम्ही तिघं एका जागी थांबलात, म्हणून सापडलात. १९७१ च्या २४ डिसेंबरला पेरूच्या जंगलात विमान कोसळलं, तेव्हा सतरा वर्षांची युलियाने केप्के जखमी अवस्थेत एकटी ११ दिवस ओढ्याच्या कडेने चालली आणि वाचली. ती कथा वाचून आमच्याकडे पोरं ओढा धरून खाली निघतात. ॲमेझॉनच्या सखल रानात ते चाललं, आपल्या सह्याद्रीत ओढा सरळ कड्यावरून उडी घेतो. जायबंदी माणसाजवळ बसून राहायला जास्त छाती लागते. पुढच्या वेळी गळ्यात शिट्टी ठेवा: तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. आणि अन्नाविना माणूस आठवडे काढतो, तेव्हा अनोळखी पाला-फळं तोंडात घालू नका. बांबूचा कच्चा कोंबसुद्धा विषारी असतो, गावात तो भिजवून, शिजवूनच खातात.


कऱ्हाडची आत्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाने काल पहिला नमुना दिला, उद्या दुसरा. भाच्याला सगळं वाचून दाखवलं. वासराची गोष्ट त्याने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "म्हणजे त्या रात्री गवे एकटे जेवत नव्हते." आता त्याला त्या झाकणाच्या गाईच्या पोटात हात घालायचाय. डॉक्टरसाहेब, असं कुठे बघायला मिळेल का?


गोठ्यातला डॉक्टर:

ती गाय आता नाही, ताई. पण मे महिन्यात त्याला माझ्याकडे पाठवा, आठवडाभर माझ्याबरोबर फिरू दे. गाईच्या डाव्या कुशीवर कान लावला की रुमेन घुसळल्याचा आवाज येतो, लांबून ढग गडगडल्यासारखा. तो आधी ऐकवतो.