मदत हवी आहे: कबड्डीवाल्या पोरासाठी व्हे की वाटाण्याचं प्रोटीन?

मंडळी, मुलगा मालवणात कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. व्हे (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) चालू केल्यापासून पोट डब्ब होतं, सरावाला दमच उरत नाही. डबा फिरवून बघितला तर कॉन्सन्ट्रेट (कमी गाळलेलं व्हे), म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर, आलंच. आता आयसोलेट (जास्त गाळलेलं, अगदी कमी लॅक्टोजचं व्हे) घ्यावं की वाटाणा-तांदळाचं मिश्रण? व्हेमध्ये ल्युसिन (स्नायू बांधायला लागणारं अमिनो आम्ल) जास्त, त्यामुळे वनस्पतीजन्य पावडर थोडी जास्त घ्यावी लागते, एवढं माहीत आहे. पण तिची चव मातकट, पोरगं तोंड वाकडं करतं! एरवी बांगडे, कुळथाची पिठी असतेच. पंचाईत श्रावणात, तेव्हा घरात मासे बंद. कबड्डी-खोखोवाल्यांपैकी कोणी वाटाण्याचं सलग घेतलंय का? पचलं का? आणि डोपिंगच्या दृष्टीने तपासलेला डबा ओळखायचा कसा?