सरकारी हॉस्पिटलला टॅक्स पूर्ण आणि खाजगीला माफी?

गोदाकाठ: माझी मावसबहीण इंग्लंडला एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या हॉस्पिटलात नर्स आहे, काल फोनवर म्हणाली की त्यांच्या सरकारी हॉस्पिटलला बिझनेस रेट्स, म्हणजे आपली गाळ्या-ऑफिसची घरपट्टी असते ना तसला टॅक्स, पूर्ण भरावा लागतो पण जी खाजगी हॉस्पिटलं धर्मादाय म्हणून रजिस्टर आहेत त्यांना ८० टक्के माफ. मला खरंच वाटेना. आपल्या नाशकात कसंय? मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात झालं, बिल इतरांएवढंच आलं, म्हणून विचारतोय.

पंचवटीकर: बहीण बरोबर सांगतेय. तिकडचा १९८८ चा कायदा आहे. हीच सूट आम्हालाही द्या म्हणून एनएचएसच्या १७ ट्रस्ट (तिकडं सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांनाही ट्रस्टच म्हणतात) कोर्टात गेल्या, डर्बीचं हॉस्पिटल पुढं होतं, डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टानं सांगितलं तुम्ही धर्मादाय नाही. म्हणजे पेशंटसाठी आलेला सरकारी पैसा टॅक्स म्हणून जातो, हे मला अजिबात पटत नाही.

सिडको_डॉक्टर: बिटको आणि झाकीर हुसेन ही हॉस्पिटलं मनपाचीच आहेत, तिथं घरपट्टी या खिशातून त्या खिशात. आमच्यासारख्या छोट्या नर्सिंग होमला मात्र बिगरनिवासी दर, त्यात २०१८ ला नवीन मिळकतींचं भाडेमूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी काढतात तो आकडा, वाढवलं, आणि जागा भाड्याची असली की मालक ते भाड्यातच धरतो, शेवटी बेडचार्ज वाढवण्यावाचून गत्यंतर नसतं.

मीनाताई_इंदिरानगर: दादा, ट्रस्टच्या हॉस्पिटलचं नीट ऐका. महापालिका कायद्यात कलम १३२ आहे, इमारत फक्त धर्मादाय कामालाच वापरली तर घरपट्टीतला सर्वसाधारण कर माफ, नफ्याचा धंदा असेल तर नाही. आणि माफी मिळो न मिळो, धर्मादाय हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के बेड निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवावेच लागतात. मी पेशंटच्या नातेवाइकांसोबत फिरते, दहातल्या आठजणांना हे माहीतच नसतं हो. ॲडमिट करतानाच रेशनकार्ड नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा आणि सोशल वर्करला भेटायचं. नाही म्हणाले तर धर्मादाय सहआयुक्तांकडे लेखी तक्रार.

गोदाकाठ: ताई, आमचं केशरी कार्ड होतं, पण कोणी विचारलंच नाही. डिस्चार्ज होऊन वर्ष झालं, आता तक्रार चालेल का?

मीनाताई_इंदिरानगर: बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलंय ना? घेऊन ऑफिसला जा, अर्ज तरी देऊन या. पोच घ्यायला विसरू नका.