सोडियमचा आयन एकच, मग लोहाचे दोन कसे?

मुलुंडकर: माझी मुलगी नववीत आहे. सोडियमची संयुजा १ आणि मॅग्नेशिअमची २ हे तिला पटते. लोहापुढे मात्र २ व ३ असे दोन आकडे पाहून ती अडली आहे. बाह्यतम कवच पूर्ण व्हावे म्हणून अणू इलेक्ट्रॉन देत असेल, तर लोहाने एकाच आकड्यावर थांबायला हवे, असे ती म्हणते. तिला काय सांगावे?

दादरचे मास्तर: शंका रास्त आहे, कारण अणूला अष्टकाची, म्हणजे बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन असण्याची, ओढ असते हे शिकवण्याच्या सोयीचे बोलणे आहे. इलेक्ट्रॉन काढताना ऊर्जा खर्ची पडते आणि आयन (प्रभारित अणू) स्फटिकात बसले किंवा पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले की काही ऊर्जा परत मिळते. हा जमाखर्च जिथवर जुळतो तिथवर प्रभार वाढतो. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूलमध्ये निघतो, पण दुसरा आतल्या कवचातला असल्याने त्याला ४५६२ लागतात आणि तेवढी भरपाई होत नाही. लोहाचे आकडे ७६२, १५६२ आणि २९५७ आहेत. ४एस या बाहेरच्या उपकवचातले (कवचाच्या भागातले) दोन गेल्यावर तिसरा ३डी या आतल्या उपकवचातून निघतो, आणि या दोन उपकवचांच्या ऊर्जांत फार अंतर नसल्यामुळे तोही खर्च भागतो.

घाटकोपरची प्रयोगशाळा: हे डोळ्यांनी दिसते. हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) ताज्या द्रावणात कॉस्टिक सोडा घातला की मळकट हिरवा, बुळबुळीत साका येतो, आणि तसाच ठेवल्यास हवेला लागलेल्या थरापासून खाली तपकिरी होत जातो. म्हणजे हवेतला ऑक्सिजन फेरसचे (द्विप्रभारी लोहाचे) फेरिक (त्रिप्रभारी) करतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत सैल बुचाच्या बाटलीतले स्फटिकही असेच तांबूस पडतात.

मुलुंडकर: पण फेरिक आयनात ३डी उपकवच बरोबर अर्धे भरलेले असते ना? मग स्थिरतेचा नियमच खरा ठरला.

दादरचे मास्तर: त्याची मदत होते, पण निकाल त्यावर लागत नाही. एकप्रभारी तांब्याचे ३डी तर पूर्ण भरलेले असते, तरीही पाण्यात तो आयन टिकत नाही. त्यातून धातू तांबे आणि द्विप्रभारी आयन तयार होतात, कारण लहान व दुप्पट प्रभाराच्या आयनाला पाणी इतके घट्ट धरते की दुसऱ्या इलेक्ट्रॉनचे १९५८ किलोज्यूल वसूल होतात. उलट मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड ओतले, की तांबे एकप्रभारी होऊन अविद्राव्य आयोडाइडच्या रूपाने खाली बसते. तो साका मुळात पांढरा असतो. मोकळ्या झालेल्या आयोडीनमुळे तपकिरी भासतो.