एअर पिस्तुलाची मूठ मोठी पडते, पोरीचं बोट ट्रिगरवर नीट बसत नाही

आर्वीचा_बाप:
पोरगी नववीत आहे. रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी १० मीटर एअर पिस्तूलच्या सरावाला नेतो. पिस्तूल क्लबचं, मूठ एम साइजची. तिच्या तर्जनीचं नुसतं टोक ट्रिगरवर टेकते अन् छर्रे सारखे डावीकडे जातात. उजव्या हाताने मारते. सर म्हणतात ताकद कमी आहे, डंबेल मारू दे. मले ते पटत नाही. मूठ तासून घेऊ का?

यवतमाळची_ताई:
भाऊ, तासू नका, मूठ क्लबची आहे. अन् ताकदीचं म्हणाल तर एअर पिस्तूलच्या ट्रिगरचा किमान दाब नियमानं ५०० ग्रॅम. कापूस वेचणाऱ्या घरच्या पोरीला तो जड नाही. अडचण अंतराची आहे.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा अन् तिला धरायला लावा. अंगठा-तर्जनीमधली बेचकी मागे घट्ट बसलेली, नळी हाताच्या सरळ रेषेत. आता वरून पाहा. पहिल्या पेराचा मांसल मधला भाग ट्रिगरवर पाहिजे, अन् बाकीचं बोट लाकडाला घासायला नको, मधून उजेड दिसला पाहिजे. टोकानं दाबलं की दाब सरळ मागे न जाता तिरपा पडते, नळी डावीकडे ढकलल्या जाते. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, तिथं केसाएवढा धक्काही दिसते. बोट पोचवायला लहान हाताच्या पोरी मनगट फिरवतात. ती सवय लागली की सुटता सुटत नाही, म्हणून आत्ताच पाहा.

ट्रिगरचं पातं बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलात मागे-पुढे सरकते, बारीक ॲलन की लागते. आधी ते मागे घ्या. नाही भागलं तर त्याच मॉडेलची एस मूठ आणा, बदलायला वेळ लागत नाही.

सुतारकाम_पुसद:
एस मुठीतही तळहाताशी पोकळी राहिली तर एमसील (वाळल्यावर कडक होणारी पुट्टी) थापा. हाताला पावडर लावून ओल्यातच धरायची, वाळली की पॉलिश पेपर मारा. मनगटाला टेकू होईल असं मात्र काही वाढवू नका, नियमात बसत नाही. अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावावं लागते.

आर्वीचा_बाप:
पाह्यलं. पातं पार पुढे होतं. मागे घेतल्यावर अर्धं पेर आलं, पण बोट अजून लाकडाला लागते. एस मागवतो.

यवतमाळची_ताई:
आली की डोळे मिटून हात उचलायला लावा. डोळे उघडल्यावर पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. एकीकडे गेलेली दिसली तर कोणत्या बाजूला ते लिहा, मग पुट्टी कुठं थापायची ते सांगते.